पुनवेची पेज

सासू मोरीत ओणवी होऊन ओकत होती आणि मधल्या वेळात मला शिव्या देत होती. नवरा पोट धरून संडासाच्या रांगेत. चाळीला संडास चार, त्यातल्या एकाला आतून कडी नाही, आणि त्या दुपारी आमच्या एका घरातले आठ जण आजारी. अंजूरहून सणाला जेवायला आलेल्या नणंदेच्या नवऱ्याला रांगेत थांबणं जमलं नाही. पुढचं मी लिहीत नाही, तो अजून आमच्याकडे येतो.

ती वैशाखातली पुनव. सुजातेने बुद्धाला खीर दिली, म्हणून आम्ही बौद्ध लोक त्या दिवशी खीर करतो. खीर मी केली होती. कढी सासूने केली होती, तिच्या माहेरच्या पितळी पातेल्यात. त्या पातेल्याची कल्हई कधीच उडाली होती. मी सकाळीच म्हटलं, "आई, यात ताक घालू नका. कळकेल, पोटाला बाधेल."

"माझ्या आयशीचा जन्म गेला या पातेल्यात," सासू म्हणाली. "कोन मेला न्हाय."

कढीत हळद इतकी होती की रंग काही कळला नाही. तुरट लागली तेव्हा सासू म्हणाली, शेलार गावच्या ताकाची चवच तशी असते. नणंदेच्या नवऱ्याने सासूला खूश करायला तीनदा मागून घेतली.

नाक्यावरचा डॉक्टर आला. त्याने सगळ्यांना गोळ्या दिल्या आणि सासूला सलाईन लावलं. बाटली नवऱ्याच्या शर्टाच्या खिळ्याला टांगली. मला दारात बोलावून म्हणाला, "बाकीचे उठतील. आजींचं आत्ता सांगत नाही." सासूने एक डोळा उघडला. "खिरीनं घात केला," ती त्याला म्हणाली, म्हणजे पॅसेजमध्ये उभ्या असलेल्या बायकांनाही ऐकू जाईल इतक्या जोरात.

मला तेव्हा म्हातारीची जितकी काळजी वाटली तितकीच माझी वाटली, खोटं कशाला सांगू. ती गेली असती तर सुनेने खिरीतून विष घातलं हेच लोक बोलले असते. नणंद कण्हता कण्हता माझ्याकडे बघतच होती. माझी धाकटी मुलगी कढीला तोंड लावत नाही. तिने नुसती खीर खाल्ली होती, तीन वाट्या, आणि ती दोरीच्या उड्या मारत होती. मी तिला सासूसमोर उभी केली. "हिला का काही झालं नाही?"

"लेकरांचं पोट दगडाचं असतं," सासू म्हणाली.

तेवढ्यात शेजारची खाला आली. कोकणी मुसलमान, आमच्या भिंतीला भिंत. तिने टोप भरून तांदळाची पेज आणली. "भाभी, भांडण उद्या. आधी ही पाज सगळ्यांना. मीठ हाय, दुसरा काय नाय." सासूला तिने मांडीवर घेतलं आणि चमच्या-चमच्याने पाजलं. मीही भिंतीला टेकून एक वाटी घेतली. दिवेलागणीला सासूने डोळे उघडले आणि लोणचं मागितलं.

"लोणचं मागते, म्हणजे मरत नाय ही," खाला म्हणाली.

आठवड्याने कल्हईवाला आला तेव्हा मी ते पातेलं त्याच्यापुढे टाकलं. त्याने आत बोट फिरवून हिरवं झालेलं बोट मला दाखवलं. "इसमें खट्टा पकाया किसने?" मी सासूकडे बघितलं. सासू दुसरीकडे.

पुढच्या वर्षी पुनवेला मी दूध तापत ठेवलं, तर तिने ते उतरवलं. "या घरात आता खीर न्हाय. खालाला सांग, पेज कर." त्या वर्षी भीतीने पेज झाली. दुसऱ्या वर्षी, गेल्या वर्षी केली होती म्हणून झाली. चौथ्या वर्षी सासू पाहुण्यांना सांगू लागली, "आमच्यात पुनवेला पेजच असते." तेवढ्यावर झालं. रीत पडायला याहून जास्त काही लागत नाही. खाला चाळ सोडून गेल्यावर पेज मी करू लागले.

मग धाकटी मोठी झाली. विहारात तिला भाषण करायला लावलं, तर तिने ठोकून दिलं की तपाने खंगलेल्या बुद्धाला पहिल्यांदा पेजच सोसली असणार, म्हणून आमच्या घरी पेज करतात. टाळ्या पडल्या. पुढच्या पुनवेला तीन बायका पातेली घेऊन आमच्या दारात. सासू खाटेवर बसून त्यांना वाढायला सांगत होती, "घाल, अजून घाल," जसं काही सुजाता हीच.

बायका गेल्यावर मी म्हटलं, "कढीचं सांगू का त्यांना?"

ती खाटेवर आडवी झाली. मग म्हणाली, "मी मेल्यावर सांग."

एवढंच. पण घात कढीने केला होता हे तिने कबूल केलं ते तेव्हा, दहा-बारा वर्षांनी. मला ते पुरलं. ती आता नाही, म्हणून सांगते आहे. पेज अजून दर पुनवेला होते आणि कुणालाही आवडत नाही.

त्या दुपारी कढी आठ जणांनी खाल्ली होती. आठही जगले.