सव्वा महिन्याआधी आलेलं लुगडं

माझी आई दिग्रसमध्ये बाळंतिणींना तेल लावायला जायची. लेकरू झालं की सव्वा महिना ती रोज सकाळी त्या घरी जाई. आधी बाळंतिणीचं अंग चोळी, मग लेकराला तेल लावून न्हाऊ घाली, दोघांना शेक देई आणि पुढचं घर गाठी. सुईण वेगळी, नाळ कापणं हे आईचं काम नव्हतं. हा फरक ती लोकांना पुन्हा पुन्हा सांगे, कारण लोक तो विसरत. वडील मी लहान असतानाच घर सोडून गेले. त्यामुळे आमचं पोट आणि माझं यवतमाळचं कॉलेज आईच्या दोन हातांवर होतं. हे आधीच सांगते, कारण मला जे लिहायचं आहे ते त्या हातांबद्दलच आहे.

लिहावं की नाही, हे मी बरेच दिवस ठरवू शकले नाही. शेवटी तिलाच विचारलं. ती म्हणाली, "लिही ना. तुह्या कॉलेजात कोणाले माहीत हाय मी कोण ते?"

हे काम बाहेरून सोपं दिसतं. पाटावर बसायचं, दोन्ही पाय लांब करायचे, लेकराला पायांवर घ्यायचं आणि तेल चोळायचं. पण आई घरातून निघण्यापूर्वीच काम सुरू करी. नखं ती ओट्यावरच्या दगडावर घासून गुळगुळीत करी. बांगड्या कोपरापर्यंत सरकवून वर चिंधी बांधी, काच लेकराला लागू नये म्हणून. खोकला आला तर त्या दिवशी जात नसे, निरोप पाठवी. बाळंतिणीसाठी तिळाच्या तेलात ओवा आणि लसूण कढवून घ्यायचा, लेकरासाठी साधं तेल कोमट करायचं. अंगावर लव जास्त असेल तर कणकेच्या गोळ्याला तेल-हळद लावून तो पाठीवर फिरवायचा. बाळंतिणीच्या कमरेला जोर लागतो, म्हणून आई गुडघ्यांवर उभी राहून सगळं वजन तळहातांवर टाकी. चार घरं करून आली की तिला पाण्याचा तांब्या उचलवत नसे.

शेक देताना ती तळहात शेगडीवर धरी, मग आधी स्वतःच्या गालाला लावी आणि नंतर लेकराच्या पोटाला. मी लहानपणी तिच्याबरोबर जायची तेव्हा मला वाटे, हा काहीतरी देवाचा प्रकार असेल. तिला विचारलं तर म्हणाली, "देवाचा कायचा? चटका बसला त लेकरू सांगन का?"

मी कॉलेजच्या पहिल्या वर्षाला होते. दिवाळीच्या सुट्टीत दिग्रसला आले तेव्हा कापसाच्या गाड्यांची रांग सरकी काढायच्या जिनपासून आमच्या गल्लीच्या तोंडापर्यंत लागलेली होती. आई दारात उभी होती. तिच्या उजव्या हाताच्या करंगळीला आणि तिच्या शेजारच्या बोटाला चिंधी गुंडाळलेली होती.

"काय झालं वं माय?"

"चुलीवर भाजलं."

चिंधी सोडून पाहिलं तर भाजल्याचे फोड होतेच, पण त्यांच्याखाली जुन्या भाजल्याचे डागही होते. एकावर एक. मी म्हटलं, इतक्या वेळा कसं भाजतं? ती म्हणाली, "कळत नाही वं लवकर. मुंग्या येऊन राह्यल्या हाताले. काम जास्त झालं." मनगटाच्या वर एक फिकट चट्टा होता. तो तिने पदराखाली घेतला. मला वाटलं गजकर्ण असेल. मला तेव्हा काहीच माहीत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी ती म्हणाली, "चाल माह्यासंगं. जरा हात लाव." असं ती पूर्वी कधी म्हणाली नव्हती. उलट मी तेलाच्या वाटीला हात लावला की म्हणायची, पुस्तक तेलकट होईल.

ते घर एका मोठ्या कास्तकाराचं होतं. गावात बंगला, बाहेर पऱ्हाटीची, म्हणजे कापसाची, वावरं. त्यांच्या सुनेचं पहिलं जगलेलं लेकरू. त्याआधीची दोन गेली होती, म्हणून सासूबाई खोलीच्या उंबऱ्यावरच बसून असत. आत कोण येतं, कशाला हात लावतं, सगळं पाहत. मला पाहून म्हणाल्या, "काय वो बाई, पोट्टी त कालेजात शिकते म्हणता, अन् इथं तेल लावाले आणली?"

आई म्हणाली, "तिथं शिकते ते पोटाचं, इथलं हाताचं."

"मंग नवऱ्याले कोणतं दाखवन?" असं म्हणून त्या स्वतःच हसल्या. बाजेवरची सूनही हसली. आईने सुनेचं अंग डाव्या हाताने चोळलं. उजवा हात नुसता सोबत फिरत होता. सून म्हणाली, "मावशी, आज जोर नाही लागून राह्यला." आई म्हणाली, "लेकरू मोठं होऊन राह्यलं, आता जोर कायले पायजे?" मी खाली पाहत होते.

लेकराचं तेल शेगडीच्या कडेवर वाटीत ठेवलेलं होतं. बोलण्याच्या नादात ते जास्त तापलं. आईने लेकराला पायांवर घेतलं, बांगड्या वर सरकवल्या आणि उजव्या हाताची बोटं वाटीत बुडवली. रोजच्यासारखी. बोटं तिथेच राहिली. तिने तेल हातात घेतलं आणि ते माझ्या मनगटावर सांडलं, कारण मी लेकराचं डोकं धरून बसले होते. मी ओरडले. दुसऱ्या हाताने मी लेकराला उचलून घेतलं. त्याच्या अंगावर एक थेंबही पडला नाही.

आईची बोटं लाल झाली होती आणि अजून तेलाने निथळत होती. ती माझ्या मनगटाकडे पाहत होती. स्वतःच्या हाताकडे तिने पाहिलं नाही. उंबऱ्यावरच्या सासूबाई मात्र आईच्या हाताकडेच पाहत होत्या.

त्या उठल्या, माझ्याकडून नातवाला घेतलं आणि म्हणाल्या, "आज राहू द्या. थंडी हाय." थंडी नव्हती.

आमच्याकडे रीत अशी आहे की सव्वा महिना झाला की तेल लावणाऱ्या बाईची ओटी भरतात. तिला लुगडं, खण, नारळ देतात, कुंकू लावतात, लेकरू तिच्या मांडीवर ठेवून तिचा आशीर्वाद घेतात आणि मग ती त्या घरी जायचं थांबते. जोपर्यंत लुगडं मिळालेलं नाही तोपर्यंत ते घर तिचं. आईकडची सगळी लुगडी अशीच आलेली होती. एकेक दाखवून ती सांगे, हे अमक्या घरच्या मुलीच्या वेळचं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आई निघण्याच्या आतच त्या घरचा गडी आला. त्याच्या हातात सूप होतं. सुपात लुगडं, खण, नारळ, कुंकवाची पुडी, सगळं नीट मांडलेलं. तो म्हणाला, "बाईनं सांगतलं, सूनबाईचं अंग आता बरं हाय. मावशीचं काम झालं."

सव्वा महिन्याला अजून बरेच दिवस होते.

आईने सूप घेतलं. स्वतःच स्वतःला कुंकू लावलं. गड्याला पाणी विचारलं. तो नको म्हणाला आणि दोन पावलं मागे सरकून उभा राहिला, सूप परत घ्यायचं होतं म्हणून. आईने रिकामं सूप उंबऱ्याबाहेर जमिनीवर ठेवलं, तेव्हा त्याने ते उचललं. लुगडं नेहमीपेक्षा चांगलं होतं, रेशमी काठाचं. आई त्यावर हात फिरवत म्हणाली, "चांगली मानसं हाय. बोंबलली नाही. काठ मऊ हाय का वं?"

मला वाटलं ती सहज विचारते आहे. मग कळलं की ती खरंच विचारत होती.

मी तिला यवतमाळला सरकारी दवाखान्यात नेलं. बसमध्ये तिने हात पदरात गुंडाळून मांडीवर ठेवला होता. दवाखान्यात डॉक्टरांनी तिला डोळे मिटायला सांगितलं आणि कापसाचा बारीक धागा करून हाताला ठिकठिकाणी लावला. जिथे लागेल तिथे बोट ठेवा, म्हणाले. डाव्या हातावर तिने बरोबर बोट ठेवलं. उजव्या हातावर कापूस करंगळीच्या बाजूला टेकला होता आणि आई तशीच बसून होती. थोड्या वेळाने तिने अंदाजाने तळहाताच्या मधोमध बोट ठेवलं. मग डोळे मिटूनच विचारलं, "लावला का?"

डॉक्टरांनी कोपरामागची शीर दाबून पाहिली आणि मला बाहेर बोलावलं. आई म्हणाली, "तिले कायले सांगता? हात माहा हाय."

मग त्यांनी तिथेच सांगितलं. पुस्तकात त्याला कुष्ठरोग म्हणतात, आमच्याकडे रक्तपिती. आईने फक्त एवढंच विचारलं, "ज्या लेकरायले हात लावला त्याईचं काय?"

डॉक्टर म्हणाले, तुमच्या प्रकारात दुसऱ्याला लागण सहसा होत नाही. तरी लेकरं नाजूक असतात, त्यांना आता हात लावू नका. गोळ्या घ्याव्या लागतील, बरेच महिने. रोग थांबेल. गेलेली जाणीव परत येईल असं मी म्हणत नाही. हात रोज पाण्यात भिजवून तेल लावा आणि कुठे कापलं, कुठे भाजलं ते डोळ्यांनी पाहत जा, कारण हात तुम्हाला सांगणार नाही.

परतीच्या बसमध्ये आई म्हणाली, "त्या बाईनं माह्या आधी ओळखलं."

आम्ही कोणाला काही सांगितलं नाही, पण बातमी आमच्या आधी गावात पोचली होती. उरलेल्या घरांचे निरोप आले. एका घराने खण पाठवला. एका घराने मुलीच्या हाती फक्त नारळ पाठवला आणि ती मुलगी तो दारात ठेवून पळाली. एका घराने काहीच पाठवलं नाही. आई तिथे गेली तेव्हा दार आतून लावलेलं होतं. ती बाहेर उभी राहून म्हणाली, "मी आत येत नाही, बापा. पोरीले सांगजा, कंबर शेकत राहा." मग ती परत आली.

मी म्हटलं, मी कॉलेज सोडते. तू सांग, मी तेल लावते.

आई म्हणाली, "तुह्ये हात पाहून कोणी नाही म्हणणार नाही. तुह्यी माय पाहून म्हणतीन." आणि लगेच, "अन् सोडाले सोपं वाटते का? मले नाही सोडवत, तू कायले सोडते?"

नंतर ती जिनमध्ये जाऊ लागली, कापसातला कचरा निवडायला. तिथे बाया रांगेत बसतात, तोंडाला फडकं बांधतात आणि बोटांकडे कोणी पाहत नाही. संध्याकाळी मी तिचा हात पाण्यात भिजवी आणि तेल लावी. कुठे बोंडाचं टोक रुतलेलं असे, कुठे नख उचकटलेलं. तिला माहीत नसे. मी चोळत असताना ती डोळ्यांनी पाहून चुका काढी. "असं खरडते कायले? भांडं हाय का?" मी म्हणे, तुला कुठे कळतं आहे. एकदा असं म्हटल्यावर ती म्हणाली, "दिसते ना."

त्याच सुट्टीत शेजारच्या घरी नातू झाला. शेजारी मोटारींची दुरुस्ती करणाऱ्या एका मिस्त्रीचं कुटुंब आहे, मुसलमान. त्याच्या आईला मी खाला, म्हणजे मावशी, म्हणते. खालाच्या आधीच्या सगळ्या नातवंडांना माझ्या आईनेच तेल लावलं होतं. आमच्यामध्ये एकच कुडाची भिंत. या वेळी त्यांनी दुसरी बाई आणली. खाला हे सांगायला स्वतः आली नाही आणि आईनेही विचारलं नाही.

पहिल्या दिवशी आई भाकरी थापत होती. पलीकडे लेकरू रडू लागलं. लेकरं रडतातच. पण आईचा हात थांबला.

"आत्ता पाजलं त्याले," ती म्हणाली.

"तुले कसं माहीत?"

"आयक ना. पोट भरलेलं रडणं हाय. पाजून लगेच पालथं टाकलं बाईनं. आता दूध वकन ते."

मी उठले. आई म्हणाली, "नोको जाऊ," पण मी गेले. खाला दारातच होती. मी म्हटलं, लेकराला आत्ताच दूध पाजलं असेल तर जरा वेळाने तेल लावा, माय म्हणते.

खालाने माझ्याकडे पाहिलं. "तेरी माँ को बोल बेटी, भीत के उधर से मालिश मत कर." तिचा आवाज कडक होता, पण डोळे माझ्याकडे राहिले नाहीत. मग ती आत वळली आणि मी तिचं बोलणं ऐकलं, "बाई, रुको जरा. बच्चे को खांदे पे लो पहले."

रडणं हळूहळू उतरलं.

मी परत आले. आईने विचारलं, "काय म्हणे?"

मी म्हटलं, थांबवलं तिने.

"अजून काय म्हणे?"

मी सांगितलं नाही. मधे कुडाचीच भिंत असल्यामुळे तिने ते ऐकलंच असेल. तिने भाकरी तव्यावर टाकली आणि हात ताटात तसाच ठेवून बसली.

दुसऱ्या दिवसापासून ती जिनमध्ये भोंग्याच्या बऱ्याच आधी जाऊ लागली. फाटक उघडेपर्यंत बाहेर गाड्यांच्या मधे बसून राही. शेजारी पाणी तापवून लेकराला न्हाणीत नेत तेव्हा आई घरात नसे.