डाव्या हातावरचे दात

हे मी आजवर कुणाला बोललो नाही. बायकोला नाही, पोरांना नाही, देवळात देवासमोर उभा राहून मनातल्या मनातसुद्धा नाही. देवाकडे मी दुसरंच काहीबाही मागायचो आणि घाईनं घंटा वाजवून बाहेर यायचो.

चौथीपर्यंत शिकलेला माणूस मी. लिहायची सवय नाही. वेडंवाकडं होईल – होऊ दे. बायको गेली त्याला सहाएक महिने झाले. शेवंती तिचं नाव. ती होती तोवर नावानं हाक मारली नाही कधी, आता कागदावर लिहितोय. ती असती तर हे लिहिलंच नसतं. म्हणजे बघा, सुरुवातच अशी! ज्या दोन माणसांना हे सांगायला हवं होतं ती दोन्ही गेली, आणि आता मी तोंड उघडतोय. याला भित्रेपणा नाही म्हणायचं तर काय म्हणायचं?

परवा नातू टीव्हीवर कबड्डी लावून बसला होता. एका खेळाडूनं दुसऱ्याच्या तोंडावर कोपर मारलं. पंचानं पिवळं कार्ड दाखवलं – दोन मिनिटं बाहेर. नातू उसळला. "दोन मिनटां? ह्येका आख्खी म्याच बसवूक होयो होतो!" मग माझ्याकडे वळला. "आजोबा, तुमच्या टायमाक काय शिक्षा होती ओ?"

मी म्हटलं, मला लघवीला जायचंय. आणि उठलो. परसात माडाखाली उभा राहिलो बराच वेळ. लघवी आलीच नव्हती.

शिक्षा होती. माझ्या डोळ्यांसमोर झाली. ती सांगायची तर आधी भिवा सांगायला हवा.

भिवा आचऱ्याच्या किनाऱ्यावरचा. सगळी वाडी मिळून समुद्रातून लांबलचक जाळं ओढते ना, रापण – ती ओढणारा. खांदे असे की सदरा शिवणारा शिंपी दोनदा माप घ्यायचा. आणि दम! तेव्हा कबड्डीला आम्ही हुतूतू म्हणायचो. भिवा चढाईला आला की त्याचं हुतूतू सुरू व्हायचं आणि आमचं धाबं दणाणायचं. पाण्यात बुडी मारून वाढलेला माणूस, त्याचा दम सरणार कसा? पण स्वभाव लोण्यासारखा. मला बाद करायचा आणि परत जाताना हात देऊन उठवायचा, पाठीवरची वाळू झाडायचा. तो किनाऱ्याच्या संघात, मी देवळाकडच्या. वैर म्हणावं असं काही नव्हतं. निदान त्याच्या बाजूनं नव्हतं.

माझ्या बाजूनं होतं. ते लिहितो, म्हणजे पुढं लपवायला नको. मी चांगला खेळायचो, पण भिवा नसेल त्या दिवशीच माझं नाव व्हायचं. तो असला की लोक माझ्याकडे बघायचेच नाहीत. हे पोटात घेऊन मी चार वर्षं खेळलो.

पन्नास सालानंतरची गोष्ट, साल नेमकं लिहीत नाही, चुकायचं. कट्टा नावाच्या गावाला सामने होते. भात कापून झालेलं शेत, त्यावर चुन्यानं आखलेल्या रेघा. मुंबईच्या एका गिरणीचा माणूस आला होता. तेव्हा गिरण्यांचे संघ असत. खेळाडूला गिरणीत नावाला काम, खरा पगार खेळायचा. त्याला एक गडी हवा होता. एकच. सगळ्यांना कळत होतं – भिवा, नाहीतर मी. खरं सांगायचं तर भिवाच.

सामन्याआधी विहिरीवर हातपाय धुताना भिवा मला म्हणाला, "तू मुंबयत गेलस तर माका थयसून एक बूट धाड हां."

"एकच?"

"एकच रे. दुसरो पुढल्या वरसाक. एकदम दोन इले तर घरातले म्हणतीत, भिवान चोरी केल्यान!"

आणि हसला. तोंड भरून हसायचा तो. सगळे दात दिसायचे. दात त्याचे जिथल्या तिथे होते – हे ध्यानात ठेवा. माझा वरचा पुढचा एक दात लहानपणी फणसावरून पडलो तेव्हा गेला. हेही ठेवा.

सामन्यात काय काय झालं ते सगळं आठवत नाही. एक आठवतं. आमच्या संघातला शंकर, दुकानदाराचा मुलगा, त्यानं किनाऱ्याच्या एका पोराच्या तोंडावर बुक्की मारली. उघड्यावर. ओठ फाटला, रक्त सदऱ्यावर आलं. पंच धावत आले. शंकरला म्हणाले, "जरा सांभाळून रे शंकर." आणि त्या पोराला चोखायला अर्धं लिंबू दिलं. झालं. पंच आमच्याच बाजूचे, शंकरच्या बापाच्या ओटीवर रोज पान खायला बसणारे.

मग शेवटची चढाई. भिवा आला. त्यानं शंकरला शिवलं, वळला, आणि मी त्याच्या कमरेला मिठी मारली. बाकीचे वरून पडले. ढीग झाला नुसता. मी खाली, भिवा माझ्या अंगावर आडवा, त्याचं तोंड माझ्या डाव्या हाताजवळ. आणि त्या सगळ्याखालून त्याचं हुतूतू चालूच! पाच माणसं अंगावर घेऊन तो मधल्या रेघेकडे सरकत होता. हात लांब केलेला. बोटं रेघेपासून वीतभर. मला माती दिसत होती आणि त्याची बोटं दिसत होती. ती पोचली असती. कुणी थांबवणारं नव्हतं.

तेव्हा मी –

दोनदा पेन खाली ठेवलं इथं. लिहितो.

मी माझ्या स्वतःच्याच हाताला चावलो. डावा हात, कोपराच्या खाली. जोरात, रक्त येईपर्यंत. आणि बोंब मारली – "चावलो रे! भिवा माका चावलो!"

भिवा दचकला. दचकला आणि त्याचा दम तुटला. बोटं रेघेच्या अलीकडेच राहिली.

ढीग सुटला. मी हात वर धरून उभा राहिलो, रक्त ओघळत होतं. पंचांनी रक्त बघितलं. बाकी काही बघितलं नाही. अहो, ज्याच्या तोंडातून हुतूतू चालू आहे तो माणूस चावेल कसा? हुतूतू म्हणता म्हणता दात कसे लावता येतात कुणाला? शेतात एवढी माणसं होती, भिवाचं हुतूतू सगळ्यांनी ऐकलं होतं. एकानंही विचारलं नाही. माझ्या हातावर दातांची ओळ उमटली होती, तिच्यात मधोमध एक जागा मोकळी. ती कुणी पाहिली नाही. मी मात्र तोंड मिटून होतो. कण्हतसुद्धा नाकातून होतो.

भिवाला बाहेर काढलं. तिथं थांबलं असतं तर एक वेळ... नाही, तसंही नाही. पण थांबलं नाही. सामने भरवणाऱ्यांनी संध्याकाळी बसून ठरवलं, भिवाला दोन वर्षं कुठल्याही मैदानात उतरू द्यायचं नाही. शंकरला अर्धं लिंबू आणि भिवाला दोन वर्षं! तो खरोखर चावला असता तरी हा न्याय झाला असता का? आज टीव्हीवर कॅमेरे असतात, पुन्हा पुन्हा दाखवतात, तरी लोक भांडतात की शिक्षा जास्त झाली, कमी झाली. भांडा. पण आमच्याकडे शिक्षा गुन्हा बघून होत नव्हती, कुणाचा पोर आहे ते बघून होत होती. हे मला तेव्हाही कळत होतं. म्हणून तर चावलो. पंच मला खोटं पाडणार नाहीत, हे दात लावायच्या आधी मला ठाऊक होतं.

गिरणीच्या माणसानं मला नेलं. नऊ वर्षं खेळलो. नाव झालं.

आणि भिवा? दोन वर्षांनी उतरला असता मैदानात. उतरला नाही. बाजारात पोरं त्याच्यामागून भुंकायची. चावरो भिवा हे नाव पडलं. मासे घेऊन आला की मोठी माणसंसुद्धा म्हणायची, "भिवा, जेवन इलंस मां रे? नायतर आमचो हात शाबूत रवाचो नाय!" हे मी गावी आलो की कानांनी ऐकलंय. आणि हसलोय. सगळे हसत होते, मी एकट्यानं कसं गप्प राहायचं, असं वाटलं.

तुम्ही म्हणाल, झालं, सांगून टाकलं. नाही झालं. मलाही वाटायचं की हेच ते माझं पाप. पण ते बाविशीचं होतं, ईर्ष्येचं होतं, क्षणाचं होतं. त्याला निदान रक्त तरी आलं होतं. खरं पाप पुढं आहे, ते मी थंड डोक्यानं केलं.

लग्न होऊन दुसऱ्या वर्षी गणपतीला गावी आलो होतो. साठ सालाच्या पुढं. शेवंती वालावलची, तिला हा इतिहास ठाऊक नव्हता. एका सकाळी भिवा घरापुढच्या खळ्यात, अंगणात, येऊन उभा. हातात चांगले मोठे चार सरंगे मासे, केळीच्या सोपटाच्या दोरीत ओवलेले. ओटीवर ये म्हटलं तर आला नाही. खळ्यातच उकिडवा बसला. आणि बोलताना त्यानं खांद्यावरचा पंचा तोंडावर धरला. मला आधी कळेना. मग कळलं. माणसांत बोलताना तो दात झाकायचा. तोंड भरून हसणारा भिवा!

पंच्याआडून म्हणाला, "रागान रव नको रे. माका त्या दिवसाचा काय एक आठवना नाय. दम तुटलो तेव्हा तोंड मिटला आसतला माझा, तुझो हात मधी गावलो आसतलो. मी मुद्दाम करूक नाय. पन चावलंय तर चावलंय. माका माफ कर."

ऐकलंत ना? त्यानं न केलेला गुन्हा त्याला स्वतःला खरा वाटू लागला होता. इतकी वर्षं लोकांनी भुंकून भुंकून तो त्याच्या अंगात घातला होता. तिथं मला दोन शब्द बोलायचे होते. तू चावला नाहीस. मराठीत बोलायचे का मालवणीत, एवढाच प्रश्न होता. आजूबाजूला कुणी नव्हतं. शेवंती दारात उभी होती, बस.

तीच दारात उभी होती म्हणून –

नाही, तिच्यावर ढकलत नाही. ती नसती तरी बोललो नसतो. मी म्हणालो, "जाऊंदे रे भिवा. खेळात चालतलाच ह्या. मी मनात ठेवूक नाय."

माफ केलं मी त्याला. मी, त्याला.

भिवा रडला. शेवंतीनं त्याला चहा दिला, आणि माझ्याकडे बघितलं ते असं, की त्या नजरेवर मी पुढची सगळी वर्षं जगलो. रात्री तिनं सरंगे तळले. मी खाल्ले. चवीनं खाल्ले, काटे चोखून.

त्यानंतर पोरं भांडली की ती त्यांना हीच गोष्ट सांगायची. "तुमच्या बापाशीन चावणाऱ्याक सुद्धा माफ केल्यान. त्येच्यासारखा मोठा मन ठेवा!" मी शेजारी बसून सुपारी कातरत असायचो. दर शनिवारी तेलानं माझं अंग चोळायची ती, तेव्हा या हातावर तिचा अंगठा थांबायचा, त्या वणावर. त्या मोकळ्या जागेवर. आणि माझं तोंड तर ती रोज बघत होती, कवळी बसवायच्या आधी कितीतरी वर्षं. तिनं कधी दोन्ही जोडून बघितलं का? मला ठाऊक नाही. विचारायची हिंमत नव्हती. आता कुणाला विचारू?

भिवा तिच्या आधीच गेला, पाचसात वर्षं झाली. मी मर्तिकाला गेलो होतो. चार माणसांनी माझ्याबद्दल म्हटलं, मन मोठं आहे.

शेवंतीच्या बाराव्याला घर भरलं होतं. भिवाचा मुलगा आला, किनाऱ्यावरून चालत, दोन नारळ घेऊन. तोही आता म्हातारपणाकडे झुकलाय. मंडपात सगळ्यांसमोर म्हणाला, "काका, बापूस शेवटपर्यंत सांगी, आमच्या घरान ह्या मानसाक कधी इसराक जावचा नाय. तुमी त्येका पदरात घेतलात." माझा मुलगा डोळे पुसत होता. आईची आवडती गोष्ट ना ती.

बोलायला तोंड होतं. माणसं होती. भिवाचा मुलगा समोर होता, बापाचंच तोंड घेऊन उभा, तसेच दात. यापेक्षा चांगली जागा कुठली मिळणार होती?

मी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. डावा.

तो माझ्या पाया पडला. मी पडू दिलं.