घंटा वाजवायची राहिली ती दुपार

आई गेली त्या वर्षी माझी देवपूजा जवळजवळ सुटली होती. गिरगावातल्या आमच्या खोलीत आता मी एकटीच. देव्हाऱ्यातल्या दत्तापुढे निरांजन लावायचे, पण ती सवय होती, भक्ती नव्हे. परळमधल्या मुलींच्या एका लहानशा शाळेची मी मुख्याध्यापिका. संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीचे दिवस ते. कधी मोर्चा, कधी हरताळ, कधी अश्रुधूर. शाळा सारखी बंद ठेवावी लागे. बंद ठेवली की संस्थेचे चिटणीस रागवत, चालू ठेवली की आयांचा जीव टांगणीला. शेवटी चिटणिसांनी बजावलं, "बाई, आता पावसाचं निमित्त तेवढं आणू नका." निर्णय चुकला तर तो माझ्या एकटीचा, हे त्यांनी न सांगताच मला कळलं.

श्रावणातला दिवस होता. सकाळी पाऊस बेताचा, म्हणून मी शाळा भरवली. मधल्या सुट्टीपर्यंत तो असा कोसळू लागला की समोरची चाळ दिसेना. टेलिफोन बंद पडला. बऱ्याच मुलींच्या आया गिरणीत, त्यांची पाळी सुटायला अवकाश होता. मुलींना सोडावं तर घरांना कुलपं, ठेवून घ्यावं तर पाणी शाळेच्या पायरीला लागलेलं.

"बाई, आत्ताच सोडू या," आमच्या कुसुमताई म्हणाल्या. "अजून घोट्याएवढंच आहे. नंतर पोरी अडकतील."

त्यांचं चूक नव्हतं. बाकीच्या शिक्षिका माझ्या तोंडाकडे बघत उभ्या. इतकी माणसं भोवती असून इतकं एकटं मला आईच्या दिवसांतही वाटलं नव्हतं. मनात म्हटलं, देवा, असलास तर काहीतरी सांग. काहीच ऐकू आलं नाही. मग मी सोडायचं ठरवलं आणि घंटेकडे निघाले.

तेवढ्यात एक म्हातारी भिंत धरत धरत दारातून आत आली. नखशिखान्त भिजलेली, थरथरत होती. "बाय माझे, वायच बसाक देशात?" थोडं बसू द्याल का, असं मालवणीत म्हणाली आणि जमिनीवर कोसळलीच. घंटा राहिली. मी तिला माझ्या खुर्चीत बसवलं, माझी शाल पांघरली, स्टोव्हवर चहा ठेवला. ती माझा हात सोडेना. माझा चेहरा बघून तिने विचारलं, "तुका काय झाला?" का कोण जाणे, कुणालाच न बोललेलं मी त्या परक्या बाईला सांगितलं, की इतक्या लेकरांचं काय करावं ते मला कळत नाही.

ती म्हणाली, "सगळा तूच करतलंस? वायच देवाक ठेव."

चहा उकळत होता तेव्हा बाहेर मोठा आवाज झाला. शाळेच्या गल्लीतली जुन्या गोदामाची भिंत आडवी झाली होती. गल्लीत त्या वेळी कुणीच नव्हतं. आमच्या मुली त्याच वाटेने घरी जात. कुसुमताई मुली मोजू लागल्या. मी मुलींना वरच्या मजल्यावर नेलं आणि आम्ही पाऊस उतरायची वाट बघत राहिलो.

पाळी सुटल्यावर आया पलीकडच्या रस्त्याने, कंबरभर पाण्यातून एकेक करून आल्या. त्यांच्यातल्या एकीने म्हातारीला ओळखलं. शेजारच्या चाळीत लेकीकडे निघालेली, वाट चुकलेली साधी बाई होती ती. जाताना मी विचारलं, "आजी, तुम्ही इथेच कशा आलात?"

"दार उघडा होता म्हणान," ती म्हणाली.

याला चमत्कार म्हणावं का, याचा मी कधी खल केला नाही. त्या संध्याकाळी खोलीत दत्तापुढे बसले. काय मागावं सुचेना, तर न मागताच बसून राहिले. आई गेल्यानंतर मला प्रथमच रडू आलं, आणि रडून मोकळं वाटलं.

दुसऱ्या दिवशी पुन्हा आभाळ भरून आलं. चिटणिसांना न विचारता मी शाळा बंद ठेवली. दिवसभर ऊन पडलं. माझं हसं झालं, बोलणीही खाल्ली. पण मन शांत होतं. आपल्याला सुचेल ते प्रामाणिकपणे करावं आणि उरलेलं त्याच्या हाती सोपवावं, एवढंच आता मला जमत होतं.