दोन खात्यांचा एक प्रश्न

सुमन गेल्याचा फोन आला तेव्हा मी केडगावच्या बाजारात मेथीची जुडी उलटीपालटी करून बघत होते. तिच्या मुलाचा, प्रकाशचा आवाज अगदी सपाट होता. "मावशी, आई गेली. सकाळी चहा घेतला, म्हणाली जरा पडते... उठलीच नाही." मी "बरं" म्हटलं, जुडी पिशवीत टाकली आणि घरी आले. रडू दुसऱ्या दिवशी आलं, तेही वर्तमानपत्रात 'माजी आमदारांचे निधन' असं वाचून. माझी आयुष्यभराची मैत्रीण तीन शब्दांत उरकली होती.

मिशनच्या शाळेत आम्ही एका बाकावर बसायचो. मी ख्रिस्ती मास्तरांच्या घरची, ती जामखेडकडच्या कोरडवाहू शेतकऱ्याची. प्रश्न विचारायची तिला खोडच होती. "सुमन, उत्तर पुस्तकात आहे," असं गुरुजी वैतागून म्हणायचे; "तिथं नाही म्हणून तर विचारते," हे तिचं ठरलेलं. पुढे मी शिक्षिका झाले. ती सासरी गेली, सरपंच झाली, आणि एका निवडणुकीत दोघांचं भांडण तिसऱ्याचा लाभ या न्यायाने चक्क आमदार झाली. "तुझी खोड आता सरकारी खर्चाने चालणार," असं मी तिला चिडवायचे. तिला ते आवडायचं.

तिच्या आमदारकीत एक वाईट दुष्काळ पडला. आमच्याकडे दुष्काळ म्हणजे चारा छावणी. गावाबाहेरच्या माळावर जनावरं बांधायची, आणि रोजच्या हजेरीला जनावराजवळ घरचं माणूस लागतंच, नाहीतर चारा मिळत नाही. त्यामुळे वस्त्यांवरची तरणी माणसं सगळी छावणीत जाऊन राहिली. मागे उरली म्हातारी माणसं. चोरांना हे कळायला कुणाच्या आदेशाची गरज नव्हती. उन्हाळ्याच्या सुट्टीत मी सुमनकडे गेले होते, तेव्हा सकाळीच निरोप आला आणि आम्ही दोघी चंद्राबाई नावाच्या एका म्हातारीच्या वस्तीवर गेलो. रात्री चोरांनी चंद्राबाईंना मारहाण केली होती. कानातली फुलं ओढताना एका कानाची पाळी फाटली होती. त्या रडत नव्हत्या, नुसत्या रागावल्या होत्या. "पोरगा छावनीला, म्हशीपाशी," त्या म्हणाल्या. "जनावरापाशी मानूस पायजे म्हंता तुमी. मग मानसापाशी कोन हाय, आक्का?"

वस्तीजवळ पोलीस चौकी आणते, असा शब्द सुमन तिथेच देऊन बसली. राजकारणात मुरलेली माणसं असा शब्द देत नाहीत. ती कधी मुरलीच नाही.

तिने विधानसभेत प्रश्न टाकला. छावण्यांमुळे वस्त्या ओस पडल्या आहेत, म्हणून चोऱ्या होत आहेत, सरकार काय करणार? प्रश्न साधा होता, पण तो परत आला. एक प्रश्न एका खात्यालाच विचारता येतो म्हणे. छावणी मदत खात्याची, चोर गृहखात्याचे. ओळखीच्या एका जुन्या आमदारांनी तिला समजावलं, "ताई, दोन प्रश्न करा, दोन्ही यादीत लागतील." ही हट्टाला पेटली. दोन केले तर माझी चंद्राबाई मधल्या फटीत पडेल, म्हणाली. शेवटी विधानसभेच्या सचिवालयानेच ते काम केलं, प्रश्नाचे दोन तुकडे केले. मदत खात्याचं उत्तर आलं, छावण्या नियमानुसार चालू होत्या, आता बंद झाल्या आहेत, सबब प्रश्न उद्भवत नाही. गृहखात्याचं आलं, गुन्हा दाखल आहे, तपास सुरू आहे, वस्तीची लोकसंख्या कमी असल्याने चौकी निकषात बसत नाही.

पावसाळी अधिवेशनात तिने मला प्रेक्षक गॅलरीचा पास काढून दिला होता. वरून ती फार लहान दिसत होती. उपप्रश्नाला उभी राहिली आणि तिने दोन्ही गोष्टी पुन्हा एकत्र केल्याच. मदत खात्याचे मंत्री हसून म्हणाले, याचा दुसरा भाग माझ्याकडे येत नाही. त्यावर सुमन म्हणाली, "अध्यक्ष महोदय, चोर आला तेव्हा त्यानं खातं विचारलं नव्हतं." सभागृहात हशा पिकला. तिच्याच बाजूच्या बाकांवरची माणसंही हसली. अध्यक्षांनी पुढचा प्रश्न पुकारला. मला तेव्हा त्या सगळ्यांचा फार राग आला होता, आता नुसता शीण येतो.

पुढची निवडणूक ती हरली. "आक्का निस्ती इचारती, आनीत काय न्हाई," असं लोक म्हणायचे, आणि ते खोटं नव्हतं. नंतरचा दुष्काळ आला, पुन्हा छावण्या उघडल्या, चौकी नव्हतीच. एक दिवस सुमन अंथरूण बांधून चंद्राबाईंच्या वस्तीवर मुक्कामाला गेली. तिचा प्रकाश नागापूरला कारखान्यात कामाला, त्याला लाज वाटली. "आई, माजी आमदार तू, लोक काय म्हणतील?" "माजी आहे म्हणून तर वेळ आहे," असं हिचं उत्तर. मग दर दुष्काळात तिचं ते ठरूनच गेलं. मी फोनवर ओरडायचे, "या वयात चोर आला तर काय करशील?" ती म्हणायची, "इचारीन की त्याला, कुठल्या खात्याचा?"

यंदा आषाढ निम्मा सरला तरी पाऊस नाही, छावण्या चालूच आहेत. अधिवेशनात तिचा शोकप्रस्ताव झाला. मी टीव्हीवर पाहिला. सगळे मंत्री, सगळी खाती एका वेळी उभी राहिली होती, मिनिटभर.

गेल्या आठवड्यात चंद्राबाईंना भेटायला गेले. तेराव्याला यायची ताकद त्यांच्यात नव्हती. पोरगा छावणीतच होता. फाटक्या पाळीवरून पदर घेऊन त्या सुमनचं काहीबाही सांगत राहिल्या, मी ऐकत राहिले. दिवेलागणीला त्या उठल्या आणि घरातून एक बाज ओढत अंगणात आणली. वर गोधडी, उशी आणि सुमनची चौकडीची चादर. चादरीखाली एक वळकटी लांबट करून ठेवली.

"अहो, मी मुक्कामाला नाही," मी म्हटलं. "शेवटची एसटी गाठायची आहे."

"तुमच्यासाठी न्हाई, बाई. आक्काची हाय ती. रोज टाकते." चादरीचं टोक वाऱ्याने उडत होतं, ते त्यांनी नीट खोचलं. "चोर लांबनं आदी बाजा बघत्यात. आक्का हाय असंच दिसाया पायजे."

मी त्या चादरीकडे बघत बसले... लांबून खरंच कुणी निजल्यासारखं दिसत होतं. रस्त्यावर एसटीचा हॉर्न वाजला.

"चंद्राबाई," मी विचारलं, "दुसरी बाज आहे का घरात?"