आबांनी आखलेला मुंग्यांचा मार्ग

मुंग्यांवर इतका जीव टाकणारा माणूस जळगाव आणि धुळे या दोन्ही जिल्ह्यांत दुसरा झाला नसेल. ऐंशीच्या दशकात पिंप्राळ्यात मी ज्यांच्याकडे भाड्याने राहत होतो, ते हे आबा. त्यांची उभी हयात धुळ्याच्या एस.टी. स्टँडवर गाड्या सोडण्यात गेली. प्रवाशांना रांगेत उभं करता करता घसा बसला, पण रांग काही लागली नाही. निवृत्तीनंतर परसात भाजीपाला लावला, खताच्या खड्ड्यात त्यांना मुंग्या भेटल्या आणि म्हातारपणाचं सोनं झालं. "ना धक्काबुक्की, ना खिडकीतून रुमाल!" असं म्हणत ते सकाळचा चहा खड्ड्याच्या काठावर घेत.

अक्कांना, म्हणजे त्यांच्या पत्नीला, हे कौतुक परवडणारं नव्हतं. मुंग्यांनी वांग्याच्या शेंड्यांवर मावा ही रस शोषणारी कीड जोपासली होती आणि अक्कांना चंपाषष्ठीच्या नैवेद्याचं भरीत घरच्याच वांग्यांचं हवं होतं. त्यासाठी चातुर्मासभर त्यांनी वांग्याला हात लावला नव्हता. "खत कोरडं शे म्हनीसन त्या ऱ्हातीस. पानी टाका नि उलटा," त्या बजावत. आबा बादली घेऊन जात, अंडी तोंडात धरून पळणाऱ्या मुंग्या बघत आणि सगळं पाणी भोपळ्याला घालून परत येत. "त्यास्ना पोरं शेतस. कोठे जातीन त्या?"

शेवटी त्यांनी स्टँडवरचा अनुभव कामाला लावला. मुंग्यांनी आपणहून खड्डा सोडावा म्हणून पलीकडच्या भिंतीशी पीठ-साखर टाकली. गाड्यांचे मार्ग तोंडपाठ असलेल्या या माणसाच्या एवढंच ध्यानात आलं नाही, की खड्डा आणि भिंत यांच्या मधोमध वांगी होती. मुंग्या भिंतीपर्यंत गेल्या, पण येताजाता वांग्यांवर त्यांचा थांबा झाला. मावा दुप्पट झाला आणि अक्कांनी आबांशी बोलणं टाकलं. मी हसलो, तर मलाही चहा मिळेना.

सण तोंडावर आला तेव्हा आबांनी मुकाट्याने खड्ड्यात बादल्या ओतल्या आणि खत उलटंपालटं केलं. मुंग्यांची रांग मोडली, वाट फुटेल तिकडे त्या धावल्या. मग साबणाच्या पाण्याने आबांनी एकेक शेंडा पुसून काढला. नैवेद्यापुरती वांगी वाचली.

चंपाषष्ठीला मीही पंगतीला होतो. ताटात भरीत आणि ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी, पण आबा नुसते बसून होते. मला फार वाईट वाटलं. अक्का त्यांच्याकडे पाहून हळूच म्हणाल्या, "जेवी ल्या आते. पोरं लिसन बठ्ठ्या मुंग्या भितपल्याड ग्यात. मी सोता देखं."

रागापायी अक्का कित्येक दिवसांत परसात उतरल्याच नव्हत्या. हे मला ठाऊक होतं, आणि आबांनाही. त्यांनी भाकरीचा तुकडा मोडला.