नाकाने उचललेला फोन

कोपरीच्या बाजारात मी जिच्याकडून मासे घेते, तिचं नाव मला ठाऊक नाही. सगळ्यांसारखी मीही तिला मावशी म्हणते. हात ओले असले, की आलेला फोन ती नाकाच्या शेंड्याने उचलते. फोन नवाच आहे.

परवा विचारलं, "मावशी, बरा निघाला का फोन?"

"बरा म्हंजे काय बाय, लख्ख दिसतं सगलं," ती म्हणाली. "जुन्या फोनात पोर धुरकट दिसायची. हसली, की वाटायचं सासरी सुखात हाय. यात तिच्या डोल्यांखालचं कालं पण दिसतं. कशाला घेतला, असं झालंय."

तिने पदराने स्क्रीन हलकेच पुसली. मी टोपलीतल्या गाबोळीकडे, माशांच्या अंड्यांकडे, हात नेला, तशी तिने ती बाजूला सरकवली.

"ती नको, बाय. पोरीला आवडते. एवढं म्हावरं संपलं, की तिच्याकडंच निघालेय."