काळ्या पट्ट्या आणि आमचं शटर

टीव्ही विकणाऱ्याच्या घरात किश्श्यांना तोटा नाही. एक सांगून होत नाही तोवर दुसरा दारात उभा!

मुर्रीतलं आमचं दुकान नवं होतं. लोक हौसेनं रुंद टीव्ही नेत, जुनी लग्नाची सीडी लावत आणि दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या दिसल्या की टीव्ही परत आणत. आमचे हे वैतागून म्हणाले, "आणखी एक परत आला, तर शटर पाडतो!"

मग मीच रिमोट घेऊन बसले. जुनं चित्र चौकोनी, पडदा लांबट. लांब खाटेवर चौकोनी चादर घातली, तर बाजू उघड्या राहणारच. ताणली तर वेडीवाकडी होते. मोठी घेतली तर वरखालच्या कडा बाहेर जातात. एवढंच गणित!

*

शेजारच्या मावशींनी चित्र ताणून ठेवलेलं. सुनेच्या लग्नाची सीडी पाहून म्हणाल्या, "लग्नात तर तू सुकडी होतीस. इथं एवढी जाड काऊन?"

सून शांतपणे म्हणाली, "आई, तेव्हा मी माहेरचं खात होती ना!"

*

देवरीच्या एका भाऊंनी काळ्या पट्ट्यांवर देवांचे स्टिकर लावले. "जागा रिकामीच होती ना!" नंतर मॅच लागली. ती नव्या पद्धतीची, पडदाभर. भाऊंचा फोन आला, "वहिनी, बॉल गणपतीच्या मागं जाते अन् डायरेक्ट चौका! फिल्डर दिसूनच नाही रायला!"

स्टिकर भिंतीवर गेले. टीव्ही परत आला नाही!

*

आणि बोदलकशाच्या पार्वताबाई. मुलाचा फोन आला, "काकू, टीव्ही घेऊन जा. माय रडून रायली."

ह्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "गाडी काढा. शटर नंतर पाडा!"

घरी मुलीच्या लग्नाची सीडी लागलेली. पार्वताबाईंचे मालक आता नाहीत. माणूस उंच, फोटोला लाजणारा. अख्ख्या सीडीत एकदाच मांडवात मागं उभा दिसतो. मुलानं पट्ट्या घालवायला चित्र मोठं केलेलं, त्यात मालक गळ्यापर्यंतच!

"माह्या बुढ्याचं डोस्कं कुठं गेलं वो?"

मी रिमोट घेतला. सेटिंगमध्ये जाऊन चित्र मूळ मापाचं केलं. बाजूला पट्ट्या आल्या आणि वर पांढरी टोपी, टोपीखाली लाजरं हसू.

मुलगा पुटपुटला, "माय, पण पट्ट्या..."

पार्वताबाईंनी माझ्या हातातला रिमोट घेतला, कमरेला खोचला आणि दारात जाऊन साऱ्या मोहल्ल्याला हाक मारली, "या वो बायांनो! आमचा बुढा आला, डोस्क्यासकट!"